ब्राउझरचं प्रोफाइल उडालं? जपून ठेवलेले पासवर्ड असे परत मिळवा

ब्राउझर उघडावा आणि तो नवाकोरा समोर यावा. बुकमार्कची पट्टी रिकामी, कालचे टॅब गायब, आणि ई-मेलच्या पानावर पासवर्डचा चौकोन कोरा. ज्यांनी वर्षानुवर्षं ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ला ‘हो’ म्हटलंय, त्यांच्या पोटात त्या क्षणी गोळा येतो. कारण ते पासवर्ड डोक्यात नसतात, वहीतही नसतात. ते फक्त त्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे ब्राउझर तुमची सगळी माहिती ज्या फोल्डरात ठेवतो त्यात, असतात.

अशा बऱ्याच प्रोफाइलांच्या मागे मी बसलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, आणि ती कळली की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो: ब्राउझर पासवर्ड एका फाइलमध्ये ठेवतो आणि ते उघडायची किल्ली दुसरीकडे. पेटी आणि किल्ली. नुसती पेटी सापडून भागत नाही, नुसती किल्ली सापडूनही नाही. दोन्ही हव्यात, आणि त्या एकमेकींच्याच हव्यात. बहुतेकांची फसगत इथेच होते. पेटी जिवापाड जपून आणतात आणि किल्ली फॉरमॅट केलेल्या डिस्कवर राहून जाते.

(खाली फाइलींची आणि पत्त्यांची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.)

आधी हात थांबवा

पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा असतो आणि घाबरून आपण तोच वाया घालवतो. ब्राउझर काढून पुन्हा टाकू नका. क्रोम काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसा’ असा एक चौकोन समोर येतो. त्यावर टिचकी पडली की शिल्लक होतं तेही जातं. क्लीनर चालवू नका, ‘रिसेट’ करू नका, नव्या प्रोफाइलमध्ये पासवर्ड साठवायला लागू नका. प्रोफाइल चुकून पुसलं गेल्याची खात्री असेल, तर त्या संगणकावर काहीही डाउनलोड करू नका, कारण नवी फाइल नेमकी जुन्या फाइलच्या जागेवर लिहिली जाऊ शकते. पुढचं वाचन फोनवर करा.

खरंच गेलंय का, ते बघा

‘उडालं’ म्हणून येणाऱ्या कितीतरी प्रोफाइलांना काहीच झालेलं नसतं. ब्राउझर दुसऱ्याच दारातून आत शिरलेला असतो, एवढंच.

फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:प्रोफाइल्स’ टाका. संगणकावरची सगळी प्रोफाइलं तिथे दिसतात आणि सध्या कोणतं वापरात आहे तेही कळतं. मे २०१९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ६७ पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं वेगळं प्रोफाइल मिळतं. त्यामुळे फायरफॉक्स दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला किंवा बीटा आवृत्ती घेतली, तर तो कोरं प्रोफाइल घेऊन उघडतो आणि जुनं शेजारीच पडून राहतं. ‘डीफॉल्ट’ आणि ‘डीफॉल्ट-रिलीज’ अशी दोन नावं दिसली तर दोन्ही उघडून बघा. प्रत्येकाखाली ते नव्या खिडकीत उघडायचं बटण असतं. जुनं सापडलं की ‘डीफॉल्ट प्रोफाइल’ म्हणून नेमा. काम संपलं. मात्र त्या पानावर ‘रिमूव्ह’ बटणापासून दूर राहा. चुकून दाबलं गेलंच, तर ‘फाइल्स पुसू नका’ हाच पर्याय निवडा.

क्रोममध्ये ‘क्रोम://व्हर्जन’ आणि एजमध्ये ‘एज://व्हर्जन’ टाकलं की ‘प्रोफाइल पाथ’ अशी ओळ दिसते. तिच्या शेवटी ‘डीफॉल्ट’ किंवा ‘प्रोफाइल १’ असं काहीतरी असतं. वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर टिचकी मारून दुसरं कुठलं प्रोफाइल आहे का तेही पाहा.

आणखी एक फसवा प्रकार विंडोजचा आहे. कधीकधी तुमचं खातं नीट उघडत नाही आणि विंडोज तात्पुरतं प्रोफाइल देतं. डेस्कटॉपही अनोळखी दिसतो आणि ‘युजर्स’मध्ये ‘टेम्प’ नावाचा फोल्डर असतो. अशा वेळी त्यात काहीही साठवू नका. तात्पुरतं प्रोफाइल साइन आउट करताच पुसलं जातं. संगणक एक-दोनदा पुन्हा सुरू करून बघा. बऱ्याचदा खरं खातं परत येतं आणि त्याबरोबर ब्राउझरही.

दुसऱ्या यंत्रावर प्रत आहे का?

सिंक, म्हणजे खात्यामार्फत सगळ्या यंत्रांवर एकच माहिती ठेवायची सोय, चालू होतं का, हे आठवा. आठवत नसेल तरी तपासा. फोनवर तोच ब्राउझर त्याच खात्याने चालत असेल, तर तुमचे पासवर्ड कदाचित आत्ताही खिशात आहेत.

पण इथे एक काळजी घ्या. प्रोफाइल हरवलं म्हणून दुसऱ्या यंत्रावरचे पासवर्ड जात नाहीत. मात्र ‘ब्राउझिंग डेटा पुसा’मध्ये पासवर्डवरही टिचकी मारली असेल, तर ते पुसणंही सिंकबरोबर सगळीकडे पोचतं. म्हणून दुसरं यंत्र उघडायच्या आधी त्याचं इंटरनेट बंद करा, फोन असेल तर विमान मोडवर टाका. मग पासवर्डची यादी उघडून बघा. यादी असेल तर आधी ती बाहेर काढा. निर्यातीची सोय नसेल तर महत्त्वाचे दहा-बारा पासवर्ड कागदावर उतरवा. इंटरनेट त्यानंतर.

क्रोमचे पासवर्ड गुगल खात्यात सिंक होत असतील तर ते ‘पासवर्ड्स.गुगल.कॉम’वर कुठल्याही यंत्रावरून दिसतात. तुम्ही सिंकला वेगळा पासफ्रेज, म्हणजे स्वतःचा एक लांब पासवर्ड, लावला असेल तर तिथे दिसत नाहीत. क्रोममध्ये साइन इन करून तो पासफ्रेज दिला की मगच उलगडतात.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या सिंकबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की डेटा तुमच्याच यंत्रावर कुलूपबंद होतो आणि ते कुलूप खात्याच्या पासवर्डमधूनच तयार होतं. खात्याचा पासवर्ड विसरलात आणि ‘रिसेट’ केलात, तर सर्व्हरवरचा सिंक डेटा पुसला जातो. आधी ‘अकाउंट रिकव्हरी की’ काढून ठेवली असेल तरच तो वाचतो. तेव्हा रिसेटच्या दुव्यावर जाण्याआधी जुना पासवर्ड आठवायचा नेटाने प्रयत्न करा, कागद शोधा, आणि ती की कुठे छापून ठेवली होती का बघा. एखाद्या यंत्रावर जुनं प्रोफाइल शाबूत असेल तर काळजी नाही. रिसेटनंतर तेच पुन्हा जोडलं की त्यातले पासवर्ड परत वर चढतात.

फायरफॉक्स: जुनं फोल्डर हाती असेल तर

फायरफॉक्समध्ये पेटी आणि किल्ली एकाच फोल्डरात राहतात. म्हणून फायरफॉक्सचे पासवर्ड परत आणणं सगळ्यात सोपं. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली, विंडोज बदललं, अगदी विंडोजवरून लिनक्सवर गेलात, तरी चालतं.

पेटी म्हणजे ‘लॉगिन्स.जेसन’. किल्ली म्हणजे ‘की४.डीबी’. प्रोफाइल फार जुनं, फायरफॉक्स ५८च्या आधीचं असेल तर किल्लीचं नाव ‘की३.डीबी’ असतं. ‘लॉगिन्स-बॅकअप.जेसन’ नावाची पेटीची जास्तीची प्रतही बऱ्याचदा शेजारी दिसते.

विंडोजवर हे फोल्डर शोधायला विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा, ‘%ॲपडेटा%’ लिहा, एंटर. पुढे ‘मोझिला’, ‘फायरफॉक्स’, ‘प्रोफाइल्स’. मॅकवर ‘लायब्ररी’, ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’, ‘फायरफॉक्स’, ‘प्रोफाइल्स’. हे लायब्ररी फोल्डर लपलेलं असतं. फाइंडरमध्ये ‘गो’ मेनू उघडताना ऑप्शन कळ दाबून धरली की दिसतं. लिनक्सवर घरच्या फोल्डरात ‘.मोझिला’, पण फायरफॉक्स स्नॅपमधून (उबुंटूसारख्या लिनक्सवर ॲप्स टाकायची एक पद्धत) आलेला असेल तर ‘स्नॅप’ फोल्डरात ‘फायरफॉक्स’, मग ‘कॉमन’, मग ‘.मोझिला’. स्नॅपमुळे पत्ता बदलतो हे ठाऊक नसल्यामुळे लोक रिकाम्या फोल्डराकडे बघून हताश होतात.

विंडोजवर आणखी एक सापळा आहे. ‘ॲपडेटा’मध्ये ‘रोमिंग’ आणि ‘लोकल’ असे दोन भाग आहेत आणि दोन्हींत त्याच विचित्र नावाचं फायरफॉक्स प्रोफाइल दिसतं. ‘लोकल’मधलं नुसतं कॅशे, म्हणजे पानांच्या तात्पुरत्या प्रती, असतं. पासवर्ड ‘रोमिंग’मध्ये.

माझ्या एका मैत्रिणीने विंडोज नव्याने टाकण्याआधी मोठ्या काळजीने प्रोफाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेतली होती. ती माझ्याकडे आली तेव्हा फोल्डर चांगलं जाडजूड होतं, नावही बरोबर होतं, पण आत पेटी नाही आणि किल्लीही नाही. तिने ‘लोकल’मधलं उचललं होतं. तिचं नशीब असं, की विंडोज टाकताना डिस्क फॉरमॅट केली नव्हती. सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ अजून होतं. हे फोल्डर विंडोज साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसतं, आणि तिचा तो नववा दिवस होता. त्यातल्या ‘युजर्स’मधून तिच्या नावाच्या फोल्डरात, तिथून ‘रोमिंग’मध्ये गेलो, तर दोन्ही फाइली जागच्या जागी. लॉगिन्स.जेसन नोटपॅडमध्ये उघडली. साइटचे पत्ते स्पष्ट वाचता येत होते, तिच्या बँकेचा, वीजबिलाचा, मुलाच्या शाळेचा. त्यांच्यापुढे ‘एन्क्रिप्टेडयुजरनेम’ आणि ‘एन्क्रिप्टेडपासवर्ड’ या नावांखाली अगम्य अक्षरांच्या रांगा. तुमच्याकडच्या फाइलचीही अशीच खात्री करून घ्या. पत्ते ओळखीचे असतील तर पेटी तुमचीच आहे.

आता प्रत्यक्ष कृती:

१. सापडलेलं आख्खं प्रोफाइल फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. यापुढे मूळ फोल्डराला हात लावायचा नाही, सगळं काम प्रतीवर.

२. चालू फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:प्रोफाइल्स’मधून एक नवं प्रोफाइल तयार करा. त्याचं फोल्डर उघडा आणि मग फायरफॉक्स पूर्ण बंद करा. फाइली बदलताना तो चालू असेल तर बंद होताना आपल्याकडचीच माहिती वर लिहून टाकतो.

३. जुन्या प्रतीतून ‘लॉगिन्स.जेसन’ आणि ‘की४.डीबी’ दोन्ही उचलून नव्या फोल्डरात टाका. एकाच फोल्डरातली, एकाच दिवसाची जोडी घ्या. पेटी एका बॅकअपमधली आणि किल्ली दुसऱ्या प्रोफाइलची, असं केलं तर पासवर्डची यादी उघडतच नाही.

४. फायरफॉक्स त्या प्रोफाइलने उघडा आणि ‘अबाउट:लॉगिन्स’वर जा.

यादी रिकामी दिसली तर फोल्डरात परत बघा. ‘लॉगिन्स.जेसन.करप्ट’ अशी फाइल तयार झाली असेल, तर फायरफॉक्सला पेटी वाचता आली नाही आणि त्याने ती बाजूला ठेवली. फायरफॉक्स बंद करून तिथे जुन्या प्रतीतली बॅकअप फाइल ‘लॉगिन्स.जेसन’ या नावाने ठेवून बघा. जुन्या प्रोफाइलला प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचं एकच कुलूप, लावला असेल तर तो इथे विचारला जाईल. (२०२० पर्यंत त्याला मास्टर पासवर्ड म्हणत.) तो आठवत नसेल तर आडवाट नाही, आणि ‘प्रायमरी पासवर्ड रिसेट’ तर मुळीच करू नका, कारण त्याने साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातात. वाटेल तेवढ्या वेळा अंदाज लावून बघा, प्रत हातात आहे.

‘रिफ्रेश फायरफॉक्स’ दाबल्यानंतर गडबड झाली असेल तर डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाचं फोल्डर शोधा. आधीचं प्रोफाइल त्यात असतं.

क्रोम, एज आणि त्यांची भावंडं

इथे गोष्ट अवघड होते. का, ते नीट समजून घ्या, म्हणजे दिवस-दिवस फुकट जाणार नाहीत.

क्रोमची पेटी म्हणजे प्रोफाइल फोल्डरातली ‘लॉगिन डेटा’ नावाची फाइल. विंडोजवर ती ‘लोकल’मध्ये, ‘गुगल’, ‘क्रोम’, ‘युजर डेटा’, ‘डीफॉल्ट’ या वाटेवर असते. एजची ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘एज’ या वाटेने. म्हणजे फायरफॉक्सच्या नेमकं उलट, इथे ‘लोकल’च हवं. २०२० मधल्या क्रोम ८० पासून त्या पेटीची किल्ली एक फोल्डर वर, ‘लोकल स्टेट’ नावाच्या फाइलमध्ये असते. पण ती किल्लीही उघडी नसते. तिला विंडोजने स्वतःचं कुलूप घातलेलं असतं, आणि ते तुमच्या विंडोज खात्याशी, त्या खात्याच्या लॉगिन पासवर्डाशी बांधलेलं असतं. मॅकवर हेच काम कीचेन ही ॲपलची पासवर्डांची तिजोरी करते, लिनक्सवर बहुधा ग्नोम कीरिंग किंवा केवॉलेट.

याचा परिणाम असा, की ‘युजर डेटा’ आख्खं उचलून नव्या विंडोजवर ठेवलंत तर बुकमार्क दिसतील, हिस्टरी दिसेल, पासवर्ड मात्र उलगडणार नाहीत. नवं विंडोज म्हणजे नवं खातं, मग नाव तेच ठेवलं तरी.

म्हणून क्रोमच्या बाबतीत प्रश्न एकच: जुनं विंडोज अजून सुरू होतं का? होत असेल, अगदी रखडत का होईना, तर सगळी शक्ती तिथे लावा. स्क्रीन फुटली असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडा. कीबोर्ड गेला असेल तर यूएसबीचा लावा. आपल्या त्याच खात्यात शिरा आणि क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंगमधून यादी सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या मजकुराच्या तक्त्यात) निर्यात करा. तेच खातं शाबूत असून फक्त प्रोफाइल बिघडलंय आणि जुन्या फोल्डराची प्रत आहे, तर ‘लॉगिन डेटा’ आणि ‘लोकल स्टेट’ एकाच दिवसाच्या प्रतीतून, क्रोम पूर्ण बंद असताना, जागेवर परत ठेवा. नुसती ‘लॉगिन डेटा’ परत ठेवली आणि दरम्यान क्रोमने नवी ‘लोकल स्टेट’ बनवली असेल, तर पेटी जुनी आणि किल्ली नवी अशी गत होते.

विंडोजचा पासवर्ड विसरलात म्हणून कुणी प्रशासक खात्यातून तो जबरदस्तीने बदलून देत असेल, तर जरा थांबवा. स्वतः जुना पासवर्ड देऊन बदलला तर कुलूप नव्या पासवर्डाशी जुळवून घेतं. बाहेरून बदलला तर स्थानिक खात्यात ते बंदच राहतं आणि क्रोमचे पासवर्ड आत अडकतात.

जुनं विंडोज सुरूच होत नाही, पण डिस्क वाचता येते आणि जुना लॉगिन पासवर्ड ठाऊक आहे, अशी स्थिती असेल तर एक बारीक आशा उरते. ‘लोकल स्टेट’, ‘लॉगिन डेटा’ आणि शिवाय ‘रोमिंग’, ‘मायक्रोसॉफ्ट’ यांखालचं ‘प्रोटेक्ट’ फोल्डर, या तिन्हींची प्रत घ्या. विंडोजच्या कुलपाच्या मूळ किल्ल्या त्या ‘प्रोटेक्ट’मध्ये असतात. या सगळ्यावरून पासवर्ड काढणं हे जाणकाराचं काम आहे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या क्रोम १२७ पासून गुगलने विंडोजवर ॲप-बाउंड नावाचं आणखी एक कुलूप घालायला सुरुवात केली, आधी कुकीजना. त्यामुळे जुन्या युक्त्या चालतीलच असं धरून चालू नका. पण प्रत घेऊन ठेवायला काही लागत नाही.

सफारीवाल्यांना हा त्रास कमी. तिचे पासवर्ड ब्राउझरच्या प्रोफाइलमध्ये नसून कीचेनमध्ये असतात, आणि मॅकओएस सोनोमा व आयओएस १७ पासून पुसलेले पासवर्ड ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये तीस दिवस राहतात. आधी तिथे बघा.

फोल्डरच पुसलं गेलं असेल तर

आधी बॅकअप. मॅकवर टाइम मशीन लायब्ररी फोल्डरही जपतं, तेव्हा आशा चांगली. विंडोजवर मात्र भ्रमात राहू नका. फाइल हिस्टरी मुळात ‘ॲपडेटा’ घेत नाही, आणि वनड्राइव्हचा नेहमीचा बॅकअपही डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांपुरताच असतो. फायरफॉक्सच्या ‘प्रोफाइल्स’ फोल्डरावर उजवी टिचकी मारून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ बघा. रिस्टोअर पॉइंट चालू असतील तर तिथे जुनी प्रत मिळू शकते.

बॅकअप नसेल तर पुसलेल्या फाइली शोधणारी सॉफ्टवेअर वापरता येतात. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर यश मिळतं. एसएसडीवर फार थोडं, कारण ट्रिम नावाची सोय पुसलेल्या जागा ड्राइव्हला कळवते आणि ड्राइव्ह त्या साफ करून टाकतो. तरी प्रयत्न करायचा असेल तर संगणक बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि सापडलेलं त्या डिस्कवर न ठेवता दुसरीकडे काढा. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी आणि मुक्त स्रोत फोटोरेक ही दोन नावं भरवशाची. फोटोरेकने काढलेल्या फाइलींना मूळ नावं नसतात. अशा ढिगाऱ्यात फायरफॉक्सची पेटी शोधायला फाइलींच्या मजकुरात ‘एन्क्रिप्टेडपासवर्ड’ शब्द शोधा. तिची किल्ली एसक्यूलाइट फाइल (एक छोटा डेटाबेस) असते आणि तिच्यात ‘मेटाडेटा’ व ‘एनएसएसप्रायव्हेट’ अशी तक्त्यांची नावं सापडतात.

‘एका टिचकीत पासवर्ड परत’ म्हणणाऱ्या अनोळखी सॉफ्टवेअरला मात्र हात लावू नका, आणि अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्याला तर नाहीच. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम नेमक्या याच फाइली उचलून बाहेर पाठवतात. घाबरलेला माणूस अशा वेळी त्यांना स्वतःच्या हाताने आत घेतो.

जे परत आलं नाही, त्याचं

उरलेले पासवर्ड नव्याने लावावे लागतील. पहिला ई-मेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रिसेट दुवे तिथेच येतात. फोनवर ते खातं अजून लॉगिन असेल तर तिथून साइन आउट करू नका. त्याच फोनवरून रिकव्हरीचा नंबर आणि पर्यायी पत्ता बरोबर आहे का ते तपासा. मग बँक आणि पैशांची खाती, मग ज्यांच्यावर कामधंदा चालतो ती. बाकीच्यांची यादी आठवत नसेल, तर तुमची लॉगिन्स.जेसन कुलपासकट सापडली असली तरी तिच्यातले पत्ते वाचता येतात. किल्लीवाचूनची पेटीही निदान इतक्या कामाची असते.

पासवर्ड हाती आल्यावर निर्यात केलेली सीएसव्ही फाइल ‘डाउनलोड्स’मध्ये पडू देऊ नका. तिच्यात सगळं उघड लिहिलेलं असतं. नव्या ब्राउझरमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये ती घ्या, चार-पाच खाती उघडून खात्री करा, मग ती फाइल रिसायकल बिनमधूनही पुसा. आणि त्याच बैठकीत, फायरफॉक्स बंद करून, ‘लॉगिन्स.जेसन’ व ‘की४.डीबी’ची जोडी पेनड्राइव्हवर घ्या. प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर ही जोडी ज्याच्या हाती लागेल त्याला सगळे पासवर्ड वाचता येतील, म्हणून आधी तो लावा. क्रोमवाल्यांनी ‘पासवर्ड्स.गुगल.कॉम’ दुसऱ्या यंत्रावर उघडून यादी खरंच दिसते का ते आजच बघून घ्या.